बावीस वर्षांचा व्याकरणकार : दादोबा पांडुरंग



व्याकरणकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? कपाळाला गंध, अंगावर उपरणं, हातात छडी असलेले एखादे म्हातारे शास्त्रीबुवा! निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी तेच यायचे. म्हणून दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं तेव्हा त्यांचं वय अवघं बावीस होतं, हे वाचून मी चाटच पडले. बावीस म्हणजे काय हो? आपल्या हॉस्टेलमधल्या फायनल इयरवाल्यांचं वय! कुणी प्रोजेक्टसाठी गाईडच्या मागे धावतंय, कुणी बॅकलॉग काढतंय, कुणी कॅम्पससाठी टाय उसना मागतंय. आणि त्याच वयाच्या एका मुलानं आपल्या सगळ्या भाषेचे नियम लिहून काढले, छापले, आणि पुढं पंचेचाळीस वर्षं ते दुरुस्त करत बसला.

या दुरुस्तीचीच गोष्ट मला सांगायची आहे.

आधी थोडं माझ्याविषयी. माझं गाव चाकूर, लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण. शिक्षण मात्र कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे माझ्याकडे तीन भाषा गोळा झाल्या. शाळेतली इंग्रजी, पुस्तकातली मराठी आणि घरातली मराठी. घरी आजी विचारायची, “काय करायलीस गं?” आणि शाळेच्या मराठीच्या वहीत मी ‘पाऊस यायलाय’ असं लिहिलं की खाली लाल रेघ! इथं हॉस्टेलला आल्यावर कळलं, की ही लाल रेघ फक्त माझ्या वहीत नव्हती. नांदेड, लातूर, परभणीकडच्या जवळजवळ सगळ्यांच्या वहीत ती होती. मग ही रेघ मारण्याचा नियम पहिल्यांदा कुणी लिहिला, हे शोधत शोधत मी दादोबांपर्यंत पोचले. भांडायला गेले होते, पण माणूस आवडला!

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. मूळ गाव वसईजवळचं तर्खड, त्यावरून तर्खडकर. घराणं वैश्य. हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळी व्याकरण हा शास्त्री-पंडितांचा प्रांत होता आणि तो प्रामुख्यानं संस्कृतचा. मराठीला व्याकरण असतं, ते शिकावं लागतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. घरी बोलतो ती भाषा, तिला कसले आलेत नियम? पेशवाई १८१८ साली संपली, मुंबईत इंग्रजांनी शाळा काढल्या आणि १८२२ सालापासून शाळांसाठी पुस्तकं तयार करणारी एक संस्थाच उभी राहिली. दादोबा त्या नव्या शाळांमध्ये शिकले. तिथं मुलांना इंग्रजीचं व्याकरण पाठ करावं लागे. इंग्रजीत नाऊन आहे, व्हर्ब आहे, टेन्स आहे. मग मराठीत काय आहे?

तोवर मराठीवर व्याकरणं छापली गेली नव्हती असं नाही. विल्यम केरी या मिशनऱ्यानं बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं होतं. १८३३ साली स्टीव्हन्सनचं आलं. पण ही पुस्तकं इंग्रजीत होती, साहेबांना मराठी शिकता यावी म्हणून लिहिलेली. मराठी मुलानं मराठीतून मराठीचे नियम वाचावेत, असं छापील पुस्तक हवं होतं. १८३६ हे वर्ष या बाबतीत मोठं गमतीचं आहे. त्या एकाच वर्षी दादोबांचं व्याकरण आलं, गंगाधरशास्त्री फडक्यांचं व्याकरण आलं आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचं ‘बालव्याकरण’ही आलं. म्हणजे गरज सगळ्यांनाच जाणवत होती. पण शाळांमध्ये पिढ्यान् पिढ्या मुरलं ते दादोबांचं. पुढं लोकांनी त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हटलं ते याच पुस्तकामुळे.

आता हे काम किती अवघड होतं ते आपल्या भाषेत सांगते. समजा तुमच्यापुढे एक चालू मशीन आहे. हजार वर्षं ते धडधडतंय, लाखो लोक रोज वापरतात, पण ड्रॉइंग नाही, मॅन्युअल नाही. तुम्ही बावीस वर्षांचे आहात आणि तुम्हाला त्याचं ड्रॉइंग काढायचंय. नमुना म्हणून दोन दुसऱ्या मशीनची मॅन्युअल्स हाताशी आहेत, एक संस्कृतचं आणि एक इंग्रजीचं. दोन्ही नामांकित, पण दोन्ही आपल्या मशीनची नव्हेत!

दादोबांनी दोन्हींचा आधार घेतला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या जाती पाडून भाषा समजावून द्यायची ही पद्धत इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची. विभक्ती, समास, प्रयोग हे संस्कृतच्या घरातलं. आज पाचवीतला मुलगाही ‘शब्दांच्या जाती ओळखा’ हा प्रश्न सोडवतो. तो मराठीच्या तासात रुजवण्यात दादोबांचा वाटा फार मोठा.

पण मापं दुसऱ्याची घेतली की कुठं तरी कपडा उसवतोच. दोन उदाहरणं देते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं. मराठीत बघा : ‘ती पोळी खाते’ इथं क्रियापद तिच्या मागे चाललंय. पण ‘तिनं भात खाल्ला’, ‘तिनं पोळी खाल्ली’, ‘तिनं आंबे खाल्ले’ इथं खाणारी तीच, आणि क्रियापद मात्र ताटातल्या पदार्थाप्रमाणे बदलतंय! हा कर्मणी प्रयोग इंग्रजीच्या मापात बसत नाही, तिथं संस्कृतकडे जावं लागतं. आता संस्कृतकडे गेलो तर दुसरी अडचण. तिथं द्वितीया आणि चतुर्थीची रूपं बहुतेक ठिकाणी वेगळी दिसतात. मराठीत ‘मी त्याला पाहिलं’ आणि ‘मी त्याला पुस्तक दिलं’ दोन्हीकडे ‘त्याला’च. मग एकाला द्वितीया आणि दुसऱ्याला चतुर्थी का म्हणायचं? रूप एक, नावं दोन! शाळेत असताना हा प्रश्न मला फार छळायचा. तो माझ्या एकटीचा नव्हता, मराठीचे मोठेमोठे व्याकरणकार या विभक्तींवरून आणि प्रयोगांवरून शंभर वर्षं वाद घालत आले, हे कळल्यावर जिवात जीव आला.

पुस्तक छापून दादोबा मोठे पंडित म्हणून घरी बसले नाहीत. पोटापाण्यासाठी त्यांनी खूप वणवण केली. काही काळ ते माळव्यातल्या जावरा संस्थानात नवाबाचे शिक्षक होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकवलं. मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथं गुजराती शिक्षक दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ काढली. सभेतल्या पाच प्रमुखांची नावं ‘द’नं सुरू होणारी, दुर्गाराम आणि दादोबा त्यांपैकीच. म्हणून सुरतेत त्यांना पाच ‘दद्दा’ म्हणत! जातिभेद नको, अंधश्रद्धा नको, असं ही मंडळी उघड बोलत.

पुढं १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा सुरू झाली, तिच्यामागचे विचारही मुख्यतः दादोबांचे. हिचं काम मात्र गुप्त चाले. जातपात न मानता सगळ्यांनी एकत्र बसून खायचं, ही तिथली शपथ. आज मेसमध्ये आपण कुणाच्याही शेजारी ताट घेऊन बसतो. त्या काळी एवढ्यावरून माणूस वाळीत पडायचा. सभासदांची नावं बाहेर फुटली तेव्हा १८६० च्या सुमारास सभाच मोडली. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं १८६७ साली प्रार्थना समाज निघाला, तो उघडपणे. मधले भाऊ भास्कर पांडुरंग यांनी तर १८४१ सालीच इंग्रज सरकारच्या लुटीवर एका इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावानं जळजळीत पत्रं लिहिली होती. काय घर असेल हे! आणि याच घरात, १८७८ साली, आत्मारामांच्या मुलीनं, अन्नपूर्णानं, विलायतेला निघालेल्या सतरा वर्षांच्या एका बंगाली पाहुण्याला इंग्रजी बोलायला शिकवलं. त्या पाहुण्याचं नाव रवींद्रनाथ टागोर! भाषा शिकवणं या घराच्या रक्तातच होतं म्हणायचं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग सुरू झाला. त्याचे प्रमुख बाळशास्त्री जांभेकर. पण १८४६ च्या मे महिन्यात बाळशास्त्री अकाली गेले आणि त्यांच्या जागी दादोबा आले. इथं त्यांच्या व्याकरणाची खरी टेस्टिंग झाली असावी, असं मला वाटतं. मुलांना शिकवताना चूक एका वर्गात राहते. शिक्षकांना शिकवताना ती गावोगाव जाते. खेड्यापाड्यांतून आलेली, वेगवेगळं बोलणारी तरणी मंडळी समोर बसलेली, आणि उद्या हीच आपापल्या शाळेत जाऊन व्याकरण शिकवणार. १८५० साली दादोबांनी आपल्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती काढली. ती पहिलीपेक्षा बरीच मोठी आणि सुधारलेली होती. बाविसाव्या वर्षी लिहिलेलं पुस्तक छत्तिसाव्या वर्षी त्यांनी पुन्हा खोलून जुळवलं!

१८५२ साली ते शिक्षण खात्यातून बाहेर पडून नगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिथं भिल्लांच्या बंडाचा मोड करण्यात त्यांनी सरकारला मदत केली, आणि रावबहादूर हा किताब मिळाला. एका भावानं सरकारच्या लुटीवर लिहावं आणि दुसऱ्यानं सरकारकडून किताब घ्यावा, हे मला पचायला जड गेलं. पण चरित्र लिहायचं तर हेही लिहायला हवं. ज्या माणसानं जातीच्या भिंती पाडायच्या गोष्टी केल्या, त्याला डोंगरातल्या माणसांचं बंड सरकारी नजरेतूनच दिसलं. माणूस सगळ्याच बाबतीत पुढं नसतो.

सरकारी कामाच्या रगाड्यात व्याकरण सुटलं का? नाही! आवृत्त्या निघत राहिल्या. लहान मुलांना मोठं पुस्तक झेपत नाही म्हणून १८६५ साली त्यांनी लघुव्याकरण काढलं. त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदा-पांडुरंगी’ नावाची टीका प्रसिद्ध केली. हे नाव त्यांच्या आईवडिलांचं.

याच काळात त्यांच्यावर तपासनीस बसले! शिक्षण खात्याचं ‘मराठी शाळापत्रक’ नावाचं मासिक निघायचं. गावोगावच्या शिक्षकांसाठी. आजच्या भाषेत म्हणायचं तर भाषाशिक्षणाचं जर्नलच ते. आपण जर्नल म्हटलं की प्रॅक्टिकलची वही समजतो, पण इथं जर्नल म्हणजे जिथं अभ्यासक आपलं संशोधन छापतात आणि दुसरे ते तपासतात. या शाळापत्रकाचे संपादक होते कृष्णशास्त्री चिपळूणकर, म्हणजे ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्र्यांचे वडील. कृष्णशास्त्र्यांनी मराठी व्याकरणावर लेखांमागून लेख लिहिले आणि त्यांत दादोबांच्या मतांची चिरफाड केली. कुठं व्याख्या सैल आहे, कुठं प्रयोगांची मांडणी पटत नाही, सगळं उघड, सगळ्या शिक्षकांसमोर. १८६७ साली कृष्णशास्त्री गोडबोले यांनी तर मराठीचं नवीन व्याकरणच काढलं.

विचार करा. तीस वर्षांपूर्वी तुम्ही एक पुस्तक लिहिलंय, नाव झालंय, सरकारी किताब आहे, आणि तुमच्याहून दहा वर्षांनी लहान माणूस छापील मासिकात तुमच्या चुका काढतोय. आपण काय केलं असतं? व्हायवाला एक प्रश्न वाकडा आला तरी आपण आठवडाभर एक्स्टर्नलच्या नावानं बोटं मोडतो! दादोबा मात्र विषयाला धरून राहिले. १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाची ‘पूर्तिका’ काढली. पूर्तिका म्हणजे पुरवणी. आधीच्या पुस्तकात जे राहिलं ते भरून काढणारी. सॉफ्टवेअरवाले याला पॅच म्हणतील. पहिलं व्हर्जन १८३६ चं, शेवटचा पॅच १८८१ चा! पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, दादोबा गेले.

आपलं आत्मचरित्रही त्यांनी लिहून ठेवलं होतं, पण ते १८४६ पर्यंतच येऊन थांबतं. अ. का. प्रियोळकरांनी ते संपादित करून १९४७ साली प्रसिद्ध केलं. स्वतःचं आयुष्य अर्ध्यावर सोडलं आणि व्याकरण मात्र शेवटपर्यंत पुरं करत राहिले. मला यातच त्यांचा स्वभाव दिसतो.

त्यांच्यानंतरही काम थांबलं नाही. १९११ साली मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं. दामल्यांनी दादोबा, चिपळूणकर, गोडबोले अशा सगळ्यांची मतं समोर मांडून, एकेक तपासून मगच आपलं मत दिलं. म्हणजे १८३६ चं पुस्तक पंच्याहत्तर वर्षांनीही चर्चेत होतं. १९८३ साली पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेनं ‘भाषा आणि जीवन’ हे नियतकालिक सुरू केलं, तेही याच वाटेवरचं. छापणं म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, ती सुरुवात असते, हे मला या सगळ्या माणसांकडून कळलं. दादोबांनी बाविसाव्या वर्षी ‘अजून थोडं पक्कं होऊ दे’ म्हणून हस्तलिखित पेटीत ठेवलं असतं, तर चिपळूणकरांनी दुरुस्त काय केलं असतं?

आता राहिली माझी लाल रेघ. दादोबांनी जिचं व्याकरण लिहिलं ती शिकलेल्या, छापील मराठीची भाषा होती. त्यात चाकूर नव्हतं. असणार कसं? आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईच्या शाळाखात्याची पुस्तकं तिकडची, आपल्याकडे राज्यकारभार आणि वरचं शिक्षण पुढं उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रिअर्सननं हिंदुस्थानभरच्या भाषांची मोठी पाहणी केली, तिच्यात मराठीचा एक अख्खा खंड आहे, १९०५ चा. पण प्रत्यक्ष पाहणी हैदराबाद संस्थानात झालीच नाही! १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि मग मराठी शाळा गावोगाव आल्या. त्या आल्या त्या तयार व्याकरण घेऊन. लाल शाईही सोबतच आली.

पण ‘करायलोय’ला नियम नाही असं थोडंच आहे? मी एका रविवारी रूममेटला समोर बसवून वहीत लिहून काढलं. तो यायलाय, ती यायलीय, ते यायलेत, आम्ही जायलोत, तू काय करायलास, तू काय करायलीस. लिंग बदललं की रूप बदलतं, वचन बदललं की बदलतं, पुरुष बदलला की बदलतं. कुणी शिकवलं नाही तरी चाकूरचं चार वर्षांचं पोरगं यात चुकत नाही. हे अशुद्ध कसं? हे एक चालू मशीन आहे, फक्त त्याचं ड्रॉइंग आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. अलीकडे डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर महाराष्ट्रभर फिरून बोलींचे नमुने रेकॉर्ड केलेत, हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे सुरुवात झालीय.

प्रमाण मराठी शिकू नये असं मी म्हणत नाही. हा लेखही तिच्यातच लिहिलाय, जमेल तसा! अर्ज लिहायचा, पेपर वाचायचा, कोकणातल्या मैत्रिणीशी आणि विदर्भातल्या सरांशी बोलायचं, तर सगळ्यांना कळणारी एक भाषा हवीच, आणि ती आपल्याला दादोबांसारख्यांनी बांधून दिली. माझं म्हणणं एवढंच, की शिक्षकांनी वहीत ‘यायलाय’ दिसलं तर ‘चूक’ असं न लिहिता ‘घरी यायलाय, पेपरात येत आहे’ असं लिहावं. मुलाला दोन्ही येतील आणि आजीची लाजही वाटणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपल्या कॅम्पसवरही झाला. तो दर्जा आजीच्या मराठीचाही आहे ना?

आपल्या हॉस्टेलमध्ये उदगीर, देगलूर, किनवट, मुखेड, अहमदपूर, निलंगा कुठकुठली मुलं राहतात. उदगीर-देगलूरकडे कन्नड-तेलुगू शेजारी, किनवटकडे गोंडी-बंजारा शेजारी. प्रत्येकाच्या ‘करायलोय’मध्ये थोडा थोडा फरक आहे. आपल्याकडे मोबाईल आहे, रेकॉर्डर आहे, एक्सेल शीट आहे, आणि रविवारी दुपारी मेसनंतर भरपूर वेळही आहे. दादोबांकडे यातलं काहीच नव्हतं. तेव्हा ज्यांना हौस असेल त्यांनी आपापल्या गावची पंचवीस-पंचवीस वाक्यं लिहून मराठी विभागाकडे द्यावीत. पुढच्या अंकात छापू. चुकलं तर कुणीतरी दुरुस्त करेलच!